पांढरी पाच, जरा चढी

गणपतीच्या आधीच्या आठवड्यात आमच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. वर्षभर गोदामात पडलेले मंडळांचे अॅम्प्लिफायर, उंदरांनी कुरतडलेल्या वायरी, कोन फाटलेले स्पीकर, सगळं एकदम अंगावर येतं. प्रत्येकाला ‘आजच्या आज’ पाहिजे असतं. २०२४ च्या ऑगस्टअखेरीस मी असाच गळ्यापर्यंत बुडालेलो असताना मिरजेहून पाचव्यांदा फोन आला. "दादा, ते हमिंग गेलं नाही अजून. अब्बा झोपत नाहीत."

आमचं दुकान सांगलीतलं. आजोबांनी रेडिओदुरुस्तीपासून सुरुवात केली. १९६३ साली सांगली आकाशवाणी सुरू झाली आणि गावात रेडिओ घेण्याची जणू साथच आली, त्याच लाटेत त्यांचं बाकडं दुकान झालं. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, टेप आणि अॅम्प्लिफायरचा काळ बघितला. २एन३०५५ ट्रान्झिस्टरची जोडी, पुढे एलए ४४४० आयसी, घरी गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर आणि सनमायक्याच्या पेटीत बसवलेला स्टिरिओ. त्यांच्या हातचे अॅम्प्लिफायर तासगाव-विट्यापर्यंत अजून वाजतात. मी आलो तेव्हा लोक तयार माल घेऊ लागले होते, म्हणून मी होम थिएटरकडे वळलो. मी भिंतीतून वायरी नेतो, स्पीकर कुठं बसवायचे ते ठरवतो, मोबाइलवर आलेख बघून आवाज जुळवतो. आप्पा याला ‘फर्निचरचा धंदा’ म्हणतात. ते आता चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत, तरी रोज अकरा वाजता दुकानात येऊन कोपऱ्यातल्या स्टुलावर बसतात. २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं आणि आमचं दुकान अख्खं बुडालं, तेव्हा ते स्टूलही वाहून गेलं. गाळ काढून झाल्यावर आप्पांनी पहिली खरेदी केली ती तशाच स्टुलाची.

मिरजेचं घर सतारमेकर गल्लीच्या जवळचं. घरातले वडील, मी त्यांना चाचा म्हणतो, आयुष्यभर तंबोरे आणि सतारी करत आले. धाकटा मुलगा पुण्यात आयटीत आहे. त्यानं घरच्यांसाठी मोठा टीव्ही, पाच स्पीकर, त्यांना आवाज वाटून देणारा रिसीव्हर आणि खालचे सूर वाजवणारा एक जाडजूड सबवूफर घेतला. बसवून मी दिला. पहिल्याच दिवशी वूफरमधून ‘ऊं’ असा आवाज यायला लागला. काही लावा न लावा, मागे सारखा घुमतोय. मी मोबाइलवरच्या अॅपवर बघितलं, १०० हर्ट्झला ठळक शिखर दिसलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आपली वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावते. पॉवर सप्लायमध्ये ती डायोडमधून गेली की खालचा अर्धा भागही वर पलटतो, म्हणून तिथून येणारी घरघर दुप्पट, म्हणजे १०० ची असते. फिल्टरचा कॅपॅसिटर ढिला पडला की हीच घरघर स्पीकरपर्यंत पोचते. हिशेब सरळ होता. मी सबवूफर बदलून दिला. आवाज तसाच. मग रिसीव्हर बदलला. तरी तसाच. कंपनीच्या माणसाला फोन केला, तो म्हणाला, "तिसरी, अर्थिंगची पिन काढून बघा."

त्या दिवशी मी निघालो तर आप्पा म्हणाले, "मीही येतो." मला खरं तर नको होतं. विश्रामबागेपर्यंत त्यांना गाडीच्या खिडकीतून कुठलं दुकान कधी बंद पडलं ते सांगायचं असतं, आणि माझं डोकं दुकानात रांगेत उभ्या असलेल्या मंडळांच्या पोरांकडे होतं.

चाचा हॉलमध्येच बसले होते. त्यांच्यासमोर सतरंजीवर एक तंबोरा आडवा ठेवलेला होता, जवारी काढायला आलेला. घोडीवरून बारीक कानस फिरवायची, तार परत बसवायची, छेडायची, ऐकायची, पुन्हा काढायची. गेली पन्नास-पंचावन्न वर्षं हेच. त्याच वर्षी मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं होतं. मी त्याबद्दल अभिनंदन केलं तर म्हणाले, "ते ठीक आहे, पण भोपळा तर पंढरपूरकडनंच आणावा लागतोय." आप्पांना बघून मात्र ते उठलेच. दोघांची जुनी ओळख निघाली. चाचांच्या स्पूलच्या टेपचा रबरी पट्टा आप्पांनी कधीतरी शिवणयंत्राचा पट्टा कापून बसवून दिला होता म्हणे. आप्पांना आठवत नव्हतं, पण त्यांनी तसं दाखवलं नाही.

मी रिसीव्हरकडे वळलो तेवढ्यात चाचा म्हणाले, "पहिल्या दिवसापासनं सांगतोय तुला, पण तू ऐकतच नाहीस. ही पांढरी पाच आहे. जरा चढी."

मी हसलो. हे मान्य करायलाच हवं. हार्मोनियमवरची पाचवी पांढरी पट्टी, म्हणजे तंबोरेवाल्यांच्या भाषेत पांढरी पाच. वूफरच्या घरघरीला पट्टी असते हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"कुठल्या सप्तकातली?" आप्पांनी विचारलं.

चाचांनी बोट वर केलं, थोडं थांबले. "तेच तर. खर्जाच्याही खालची."

मग त्यांनी तो तंबोरा उभा केला. बायकी तंबोरा, कोणा विद्यार्थिनीचा, पांढरी पाचलाच लावलेला. त्यांनी खर्जाची, म्हणजे सगळ्यांत खालच्या सुराची, तार छेडली. वूफर समोरच घुमत होता. दोन्ही आवाज एकमेकांवर घासले आणि हेलकावे यायला लागले, सेकंदाला दोन, अगदी मोजता येतील असे. माझ्या अंगावर काटा आला, कारण तो हिशेब मला पाठ होता. पांढरी पाचची खर्ज ९८ हर्ट्झ, वूफरमधला सूर १००, फरक दोनाचा. चाचांनी खुंटी किंचित पिळली. हेलकावा लांबला. मग घोडीच्या खालचा मणी नखाने इतकासा सरकवला. हेलकावा आणखी लांबला आणि थांबला. खोलीत एकच आवाज राहिला.

"ही माझी तार," ते म्हणाले, "पण पेटीच्या पोटात याच्याही खाली एक आवाज आहे. तो माझ्या तंबोऱ्यात नाहीच. तुझा मोबाइल वरचाच ऐकतोय."

मोबाइलचा माइक बोलणं ऐकण्यासाठी असतो, खालचे सूर त्याच्या कानात शिरत नाहीत. ५० ची मूळ घुमक त्याला दिसलीच नव्हती, तिचा दुप्पट सूर तेवढा दिसला होता. आणि मी त्या दुप्पट सुरावरून दोन यंत्रं बदलली होती. (तार जुळल्यावर दोन-तीन मिनिटांनी पुन्हा अगदी सावकाश हेलकावा सुरू झाला. चाचांनी खुंटीकडे संशयानं बघितलं. विजेची वारंवारताही दिवसभर ४९.९ ते ५०.०५ च्या आसपास खाली-वर होत असते, तेव्हा खुंटी सरकली की वीज सरकली ते देव जाणे.)

आप्पा म्हणाले, "पन्नासचा आहे. पॉवर सप्लायचा असता तर शंभरचाच असता. म्हणजे पेटीचा नव्हे, घराचा."

हे कळल्याबरोबर मी काय केलं, तर पिशवीतून दोन पिनांचा अॅडॉप्टर काढला, वूफरचा तीन पिनांचा प्लग त्यात खोचला आणि बोर्डात लावला. आवाज टक्क बंद. सून स्वयंपाकघरातून बाहेर आली, "गेला!" म्हणाली. मी घड्याळ बघितलं, पावणेबारा. जेवणाआधी सांगलीत पोचलो असतो.

आप्पांनी वाकून अॅडॉप्टर ओढून काढला. घुमक परत आली. अॅडॉप्टर त्यांनी शर्टाच्या खिशात टाकला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. सुनेला विचारलं, "टीव्ही डिशवर आहे का केबलवर?"

केबलवर होता. आप्पांनी सेट-टॉप बॉक्सच्या मागची केबल फिरवून काढली. आवाज बंद. परत लावली, आवाज सुरू. मग माझा मल्टिमीटर मागून घेतला आणि बोर्डाच्या वरच्या मोठ्या भोकात, अर्थिंगच्या, एक टोक आणि न्यूट्रलमध्ये दुसरं. केबल काढलेली असताना ९४ व्होल्ट. केबल जोडली की ६.

मी आकड्याकडे बघत राहिलो. अर्थिंग नीट असेल तर तिथं एखाद-दुसरा व्होल्ट दिसावा. ९४ म्हणजे ते भोक जमिनीला लागलेलंच नव्हतं. फ्रिज, वॉशिंग मशीन, टीव्ही, वूफर, सगळ्यांतून थोडी थोडी वीज अर्थिंगच्या तारेत गळते, तशी ती गळतच असते, पण तिला जमिनीत जायला वाट नव्हती. वाट सापडली ती अशी: अर्थिंगच्या तारेतून वूफरच्या पेटीत, तिथून रिसीव्हरला जोडणाऱ्या वायरीच्या बाहेरच्या जाळीत, पुढे सेट-टॉप बॉक्स आणि तिथून केबलवाल्याच्या वायरीवरून रस्त्यावरच्या खांबाला. जाताना ती ज्या वायरीतून जायची तिच्यातच गाण्याचा सिग्नल होता, म्हणून घुमक. अख्ख्या घराची अर्थिंग टीव्हीच्या केबलच्या केसाएवढ्या जाळीवर लटकली होती. मी मघाशी तिसरी पिन काढून आवाज घालवला, म्हणजे फक्त ती वाट तोडली. बाकी सगळं तसंच.

खात्री म्हणून आप्पांनी शंभरचा बल्ब मागितला. "फ्रिज, मशीन, नळ, कशाला कुणी हात लावू नका, पोरांना बाहेर न्या." केबल काढून फेज आणि अर्थिंगमध्ये बल्ब धरला. लागला नाही. तारसुद्धा लाल झाली नाही.

मागच्या अंगणात गेलो. अर्थिंगची हिरवी तार भिंतीवरून खाली येऊन एका लोखंडी पाइपला क्लॅम्पनं घट्ट बांधलेली. जुन्या घरांत हीच पद्धत होती, नळाचा पाइप जमिनीत लांबवर जायचा, अर्थिंग छान मिळायची. पण हा पाइप जमिनीपासून वीतभर वरच संपत होता आणि पुढं प्लास्टिकचा निळा पाइप जोडलेला.

"नळजोड बदलून तीन वर्षं झाली," चाचा म्हणाले.

तीन वर्षं त्या घरात गिझर, मशीन, फ्रिज सगळं चालू होतं. एखाद्या दिवशी मशीनच्या मोटारीतली तार बॉडीला टेकली असती तर फ्यूज उडायच्या ऐवजी घरातली अर्थिंगला जोडलेली लोखंडाची प्रत्येक वस्तू जिवंत झाली असती. सून म्हणाली, मशीनमधले ओले कपडे काढताना कधी कधी मुंग्या येतात, तिला वाटायचं मानेचा त्रास आहे. त्यासाठी ती डॉक्टरकडे जाऊनही आली होती. घरात ते कुणीच हसण्यावारी नेलं नव्हतं, पण विजेचा संबंध असेल असंही कुणाच्या मनात आलं नव्हतं.

वायरमनला तिथूनच फोन लावला. दुसऱ्या दिवशी त्यानं अंगणात खड्डा काढला, कोळसा-मीठ घालून अर्थिंगचा पाइप पुरला आणि मुख्य बोर्डावर आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच, बसवला. मी केबलच्या तोंडाशी एक छोटा आयसोलेटर लावला, कारण केबलवाल्याची जमीन आणि घरची जमीन यांच्यात थोडा फरक उरतोच. त्या कामाचे मी पैसे घेतले नाहीत. उदारपणा नव्हे, दोन वेळा उगाच यंत्रं बदलायला लावल्याची लाज होती.

येताना गाडीत आप्पा गप्प होते. मी म्हटलं, "मलाही माहीत होतं तिसरी पिन काढायची नसते."

"व्हय की. माहीत असलं तरी पिशवीत असतोयच तो."

दुकानात आल्यावर त्यांनी खिशातून अॅडॉप्टर काढून काउंटरवर ठेवला आणि वर हातोडी मारली. प्लास्टिक उडालं. समोर उभ्या असलेल्या मंडळाच्या पोरानं विचारलं, "काका, काय झालं?" "काही नाही, मिक्सर आण तुझा."

चार दिवसांनी चाचांचा फोन आला, स्वतःचा. आवाज पूर्ण गेला का म्हणून मी विचारलं.

"गेला. आता फ्रिज ऐकू यायला लागलाय," ते म्हणाले. "तो काळी चारच्या जवळ आहे. पण तो तुमचा नव्हे, राहू दे."