गाडीबरोबर आलेली गोणी

सेकंडहँड गाडी घेताना पहिला प्रश्न ठरलेला असतो, किती चालली? मॉडिफाय केलेल्या गाडीच्या बाबतीत हा प्रश्न विचारून काही हाती लागत नाही. चेसिस एका सालचं, टर्बो दुसऱ्या सालचा, क्लच कुणाच्या तरी बॅगेतून दुबईहून आलेला, सीटा कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या. ओडोमीटर बिचारं सगळ्यांच्या वतीने एकच आकडा दाखवतं. म्हणून मी विकणाऱ्याला किलोमीटर विचारले नाहीत. "बिलांची फाइल आहे का?" एवढंच विचारलं. त्यावर माहीमचे ते गृहस्थ असे काही खुलले, की दिवेलागण झाली तरी आम्ही त्यांच्या बिल्डिंगच्या कंपाउंडमध्ये उभेच.

गाडी मित्सुबिशी लान्सर सीडिया, 2008 ची. सीडिया म्हटलं की बऱ्याच जणांना आठवायला थोडा वेळ लागतो. हिंदुस्तान मोटर्सच्या तिरुवल्लूरच्या कारखान्यात ती बनायची. दोन लिटरचं पेट्रोल इंजिन, पाच गिअर, 115 च्या आसपास अश्वशक्ती. शोरूममध्ये तिचं नशीब फारसं उघडलं नाही. 'देती किती?' विचारणाऱ्यांचं आणि तिचं कधी जमलंच नाही. रॅलीवाल्यांनी मात्र तिला डोक्यावर घेतलं. राष्ट्रीय रॅली चॅम्पियनशिपमध्ये टीम एमआरएफच्या सीडिया धुरळा उडवत पुढे असायच्या. 2019 मध्ये मोटरस्पोर्टमधला पहिला अर्जुन पुरस्कार मिळालेला गौरव गिलही ही गाडी पळवून गेलेला आहे.

मी बघायला गेलो त्या गाडीला मात्र सीडिया म्हणवून घ्यायचं नव्हतं. पुढे इव्होचा बंपर, वर इव्होचं जाळीवालं बॉनेट, मागे डिकीवर इस्त्रीचं टेबल मांडावं एवढी विंग. दारावर लाल मडफ्लॅपला जुळेल असा लाल पट्टा.

इव्हो म्हणजे लान्सर इव्होल्यूशन. नव्वदच्या दशकात रात्री उशिरा केबलवर जागतिक रॅलीची हायलाइट्स लागायची. त्यात टॉमी मॅकिनेन नावाचा एक फिनिश गडी ही गाडी जंगलातल्या रस्त्यांवरून अक्षरशः आडवी चालवायचा. 1996 ते 1999 सलग चार वर्षं तो जगज्जेता होता. आमच्या पिढीतली काही मुलं त्या वेळी बिघडली ती कायमची.

आता ही असली गाडी सामान्य माणसाच्या हाती पडायचं कारण फार मजेशीर आहे. 1986 मध्ये रॅलीत भीषण अपघात झाले. पोर्तुगालमध्ये प्रेक्षक गेले, कॉर्सिकाच्या रॅलीत हेन्री टोइव्होनेन आणि त्याचा नॅव्हिगेटर गेला. मग ग्रुप बी या वर्गातल्या त्या राक्षसी गाड्या बंद करून ग्रुप ए या वर्गाचा नियम मुख्य झाला. जी गाडी रॅलीत पळवायची, तशा गाड्या ठरावीक संख्येने बनवून लोकांना विकायच्या. आधी 5000, पुढे 2500. म्हणजे कंपनीला रॅली जिंकायची हौस, आणि ती भागवायला चार दारांची, डिकीवाली, भाजी आणायला चालेल अशी गाडी दुकानात ठेवणं भाग. पोटात टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा, आणि चारही चाकांना ताकद. जपानी कंपन्यांनी आपापसांत ठरवून टाकलं होतं, की कुणीही 280 च्या वर अश्वशक्ती जाहीर करायची नाही. त्यामुळे तिथल्या माहितीपत्रकात वर्षानुवर्षं 280 च छापलेलं असायचं. खरं काय ते डायनोवर, म्हणजे ताकद मोजायच्या यंत्रावर चढवल्यावर कळायचं.

आपल्याकडे अधिकृतपणे आली ती दहावी इव्हो, आणि तिची किंमत ऐकून विषय बदलावा अशी होती. मग आपल्या लोकांनी सीडिया धरली. त्यात नुसता देखावा नव्हता. सातवी, आठवी आणि नववी इव्हो याच सीडियाच्या सांगाड्यावर बांधलेली आहे. त्यामुळे इव्होचे ब्रेक, सस्पेन्शन, सीटा हिला थोड्या खटपटीने बसतात. इंजिन मात्र वेगळ्या घराण्यातलं. इव्होचं 4जी63, हिचं 4जी94. आणि ताकद फक्त पुढच्या चाकांना. नातं आहे, पण सख्खं नाही.

गाडी तपासायला मी साकीनाक्याचा माझा नेहमीचा मिस्त्री घेऊन गेलो होतो. हा माणूस आधी गाडीशी बोलतो, मग मालकाशी. त्याने चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजलं, आकडे एकमेकांच्या जवळपास निघाले. टर्बोची हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरचा पाइप काढून आत बोट फिरवलं आणि बोटाला लागलेलं तेल उजेडात धरून बघितलं. पुढच्या शॉकॅबसॉर्बरच्या मुंडीपाशी वेल्डिंग आहे का ते चाचपलं. लोहचुंबक दारांवर चिकटला, बॉनेटवरून घसरला, कारण बॉनेट फायबरचं. शेवटी हात पुसत मला बाजूला घेऊन म्हणाला, "ह्या माणसानं पैसं वाचवलं नाहीत. घ्या."

तशी गाडी घेणं म्हणजे दुसऱ्याने पेनाने अर्धं सोडवलेलं शब्दकोडं पुढे सोडवायला घेणं. खोडता येत नाही, आणि त्याने तिथे तोच शब्द का भरला असेल याचा विचार करत बसावं लागतं. हॉर्नच्या जागी दुसराच स्विच का? ग्लोव्ह बॉक्समध्ये एक वायर कापून टेप लावून का ठेवलीय? सगळ्याला त्यांच्याकडे उत्तर होतं आणि प्रत्येक उत्तराला एक गोष्ट.

भाव करताना मात्र त्यांना वाईट वाटलं. "पार्ट्सवरच गाडीच्या दुप्पट गेलेत माझे," म्हणाले. गेले असतील. पण मॉडिफिकेशनवर घातलेला पैसा विकताना परत येत नाही, हा या धंद्यातला जुना नियम आहे. उलट शहाणं गिऱ्हाईक त्यासाठी किंमत कमीच करतं. शेवटी तोडगा म्हणून ते घरात गेले आणि दोघांनी धरून एक गोणी खाली आणली. "हे पण घ्या. फुकट."

गोणीत गाडीचे मूळ, कंपनीचे भाग होते. एअर फिल्टरचा डबा, स्प्रिंगा, सायलेन्सर, स्टीअरिंग, हेडलाइट. प्रत्येक वस्तू वर्तमानपत्रात गुंडाळून वर सुतळी, आणि मार्करने नाव. घरी आणून मी एकेक सोडत गेलो तेव्हा लक्षात आलं, की बिलांच्या फायलीपेक्षा हा कागदच खरा हिशोब आहे. फिल्टरचा डबा होता 3 एप्रिल 2011 च्या पेपरात. वर्ल्ड कपच्या दुसऱ्या दिवसाचा पेपर! रविवार होता. लोकांनी तो अंक जपून ठेवला, आणि या माणसाने त्यात प्लास्टिकचा डबा बांधला. सायलेन्सरवर नोव्हेंबर 2013, वानखेडेवर सचिनच्या डोळ्यांत पाणी. स्प्रिंगांवर नोव्हेंबर 2016, नोटबंदीच्या आठवड्यातला. त्या स्प्रिंगांच्या जागी बसवलेले कोइलओव्हर कुणाच्या जुन्या पाचशेच्या नोटांतून आले असावेत, याचा अंदाज मी केला आणि विचारलं नाही.

ही गोणी किती मोलाची ते कायदा वाचल्यावर कळतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार आरसीवरची माहिती कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असे बदल गाडीत करता येत नाहीत. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर नियमबाह्य बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलामागे 5000 रुपये दंड, किंवा दोन्ही. दर बदलामागे! मी फाइल उघडून बेरीज करायला घेतली आणि अर्ध्यात मिटली. वर 15 वर्षं उलटलेल्या गाडीची नोंदणी नव्याने करायची म्हणजे फिटनेस आला आणि 2022 पासून 5000 ची फीही आली. विमा कंपनीला बदल सांगितले नाहीत, तर नेमक्या वेळी ती हात वर करायला मोकळी.

म्हणून सायलेन्सर सगळ्यात आधी परतला. सोसायटीचे सेक्रेटरी काका तोवर दोनदा "जरा बघा" म्हणून गेले होते. गाडी थ्रॉटल सोडला की मागून फटाके वाजवायची. खऱ्या रॅलीत या फटाक्यांना कारण असतं. वळणावर ड्रायव्हरने पाय उचलला की टर्बो मंदावतो, तो फिरता राहावा म्हणून इंधन एक्झॉस्टच्या तोंडाशीच जाळतात. टर्बोचं आयुष्य त्यात जळतं, पण पुढच्या वळणाला ताकद तयार असते. मरीन ड्राइव्हला सिग्नलवर उभं राहून तेच फटाके वाजवण्यात टर्बोचा काय फायदा, हे मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही.

मग पाऊस आला. नवा फिल्टर थंड हवा मिळावी म्हणून बंपरच्या आड खाली बसवलेला होता. हिंदमाताला किंवा मिलन सबवेला साचतं तसं पाणी लागलं, तर तो हवेबरोबर पाणी ओढणार. पाणी काही दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन बसतं. वर्ल्ड कपच्या पेपरातला डबा बाहेर आला.

स्प्रिंगांनी मला खरं शिकवलं. मालकांनी गाडी दोन बोटं खाली आणली होती, पातळ टायरची मोठी चाकं घातली होती. दिसायला देखणी, पण आमच्या मुलुंडच्या गल्लीतल्या स्पीडब्रेकरवर मागच्यांना उतरवून तिरकी काढायला लागायची. आणि मातीची रॅली पळणारी गाडी खरी कशी असते? उंच असते. चाकं लहान, टायर जाड, सस्पेन्शनला भरपूर हालचाल, खड्ड्यात आपटून पुढे जायला. मुंबईतल्या, रॅलीच्या गाडीसारख्या दिसणाऱ्या गाड्यांना नेमका खड्डाच सोसत नाही. मी कंपनीच्या स्प्रिंगा आणि कंपनीची चाकं परत घातली. ऑगस्टमधल्या एलबीएस मार्गावर ती गाडी जी चालली! गचके खाल्ले, डुलली, पण रस्ता सोडला नाही. गोणीतला एकेक भाग परत गेला तशी ती मॅकिनेनच्या जवळ सरकली. अटल सेतूवर 21.8 किलोमीटर सरळ, 100 ची मर्यादा, वर कॅमेरे. तिथे तिला जांभया येतात.

बकेट सीटा मात्र ठेवल्या आहेत. आई पहिल्यांदा बसली तेव्हा चार टोकांचे पट्टे हातात घेऊन म्हणाली, "अरे, हे कुणाला बांधायला?" बसताना तिला मी धरलं, उतरताना मी आणि वॉचमन दोघांनी. आता ती म्हणते, तू जा पुढे, मी रिक्षाने येते.

टर्बोचा निर्णय होत नाही. काढायला हवा हे कळतं. मिस्त्री म्हणतो, सांगा कधी काढू. मी म्हणतो, दिवाळीनंतर. दुसऱ्या गिअरमध्ये काटा साडेतीन हजारांपाशी आला की ती एक क्षण श्वास घेते आणि मग पाठ सीटला टेकते. दिवाळीनंतर बघू.

माहीमचे गृहस्थ अधूनमधून फोन करतात. आधी गाडीची तब्येत, मग माझी.

"विंग उतरवली?"

"उतरवली. पण विकली नाही, माळ्यावर आहे."

"बरं केलंत. आणि टर्बो?"

"आहे अजून."

"मग साधं पेट्रोल घालू नका हं. आणि एक विचारायचं होतं... त्या गोणीत तीन एप्रिलचा पेपर होता का हो? आमचा मुलगा मागतोय."

"आहे ना," मी म्हटलं. "पण आता त्याचा भाव वेगळा करावा लागेल."