मशीन कुठं टांगायचं?

आमच्या दहावीच्या बॅचनं वर्गणी काढून घेतलेलं एईडी मशीन, म्हणजे हृदय बिघडून अचानक कोसळलेल्या माणसाला विजेचा शॉक देऊन वाचवायचं यंत्र, पावणेदोन महिने माझ्या सोलापुरातल्या दुकानात, वाइंडिंगच्या तारेच्या रिळांशेजारी पडून होतं. किंमत लाखाच्या आसपास. रोज सकाळी शटर वर केलं की त्याचा हिरवा दिवा लुकलुकताना दिसायचा. बायको म्हणायची, "गणपती आणलाय आणि मखराचा पत्ता नाही, तशी गत झालीय तुमची."

मखराचाच तर घोळ होता.

आमच्या वर्गाचा मॉनिटर गेल्या वर्षी गेला. एका मोठ्या इमारतीत कामाला गेला होता, तिसऱ्या मजल्याच्या जिन्यात कोसळला. त्या इमारतीत एईडी होतं बरं का. साहेबांच्या केबिनमध्ये, काचेच्या कपाटात, कुलूप लावून. किल्लीवाला जेवायला गेलेला. हे आम्हाला तेराव्यानंतर कळलं. त्याच रात्री ग्रुपवर ठरलं, आपण एक मशीन घ्यायचं. कुठं लावायचं हे विचारायचं कुणाला सुचलंच नाही.

मशीन आलं आणि सतरा जणांनी सतरा जागा सांगितल्या. एकाला आपल्या शाळेत हवं होतं, कोनशिलेचा मजकूरही तयार. अरे, शाळा पाचला बंद, रविवारी बंद, मे महिन्यात बंद! एक म्हणाला, सिद्धेश्वर मंदिरात लावू, पुण्याचं काम आहे. एकाला पार्क मैदानावर हवं होतं, कारण तो स्वतः तिथं सकाळी फिरतो. निदान खरं बोलला.

मी मोटार रिवाइंडिंगवाला, त्यामुळे मशीन आत कसं चालतं हे समजावून सांगायचं काम माझ्याकडे आलं. आतला मुख्य माल म्हणजे वीज साठवणारा कंडेन्सर. पंख्यात असतो त्याचाच भाऊबंद, फक्त हा दीड-दोन हजार व्होल्टला चार्ज होतो आणि काही मिलिसेकंदांत रिकामा होतो. माणूस असा अचानक कोसळतो तेव्हा हृदय बऱ्याचदा ठप्प झालेलं नसतं, त्याचे तंतू आपापल्या मनानं थरथरत असतात आणि रक्त पुढं ढकललं जात नाही. एका शॉकनं सगळे तंतू एकदम गप्प होतात, मग मूळ ठोक्याला पुन्हा सुरू व्हायला वाव मिळतो. मशीन आधी स्वतः तपासतं, गरज नसेल तर बटण दाबलं तरी शॉक देत नाही. १९६५ मध्ये बेलफास्टच्या डॉक्टर पॅन्ट्रिज यांनी पहिल्यांदा असं शॉक देणारं यंत्र अँब्युलन्समध्ये चढवलं, तेव्हा ते ७० किलोचं होतं आणि गाडीच्या बॅटरीवर चालायचं. आज टिफिनच्या पिशवीएवढं आहे.

पण पिशवीएवढं असून उपयोग काय, वेळेत पोचलं नाही तर? शॉकविना जाणाऱ्या दर मिनिटाला माणूस वाचायची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी कमी होते. आमच्यातल्या एका इंजिनिअरनं शहराच्या नकाशावर कर्कटकानं काढल्यासारखं गोल वर्तुळ काढून पाठवलं, "एवढा एरिया कव्हर." मी म्हटलं, बाबा, माणूस कावळ्यासारखा उडत जात नाही. आणि मशीन आणायला आधी जावं लागतं, मग परत यावं लागतं. तुझ्या वर्तुळाची त्रिज्या तिथंच निम्मी झाली.

संध्याकाळी सात वाजता नवी पेठेत मी स्वतः मोबाईलचं स्टॉपवॉच लावून पळून बघितलं. सकाळी जे अंतर सव्वा मिनिटात पार झालं, त्याला आता तीन मिनिटं वीस सेकंद लागले, तेही एकाच बाजूनं. मध्ये हातगाड्या, साडीच्या दुकानाबाहेर लावलेल्या स्कूटी, आणि एक ओळखीचा गिऱ्हाईक, "काय बे, कुणी मागं लागलंय का?"

शिकागोच्या विमानतळांवर १९९९ पासून ही मशीनं झपाझप चालत साठ ते नव्वद सेकंदांच्या अंतरावर ठेवली. दोन वर्षांत अशी थरथर सुरू झालेल्या १८ जणांपैकी ११ जणांना परत आणता आलं. मशीन वापरणारे बहुतेक सगळे आपणहून मदतीला धावलेले लोकच. आमच्याकडे एकच मशीन आणि आख्खं सोलापूर.

सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेचाही विचार केला. संक्रांतीत होम मैदानावर नंदीध्वज बघायला लोटणाऱ्या गर्दीत भिंतीवर टांगलेलं मशीन म्हणजे शोभेची वस्तू. तिथं पाठीवर मशीन घेतलेले स्वयंसेवकच गर्दीत पेरायला हवेत. ते आमच्या आवाक्याबाहेरचं.

मग ऊन. पार्क मैदानाच्या कंपाउंडवर पत्र्याची पेटी बसवायचा ठराव जवळपास पास झाला होता. मी दुकानातली स्टार्टरची रिकामी पेटी पश्चिमेकडच्या भिंतीला लावली, आत थर्मामीटर ठेवला. दुपारी तीनला बाहेर ४२, पेटीत ५७! आमच्या मशीनच्या पुस्तकात ० ते ५० लिहिलंय. शिवाय छातीला चिकटवायच्या पॅडवर ओलसर जेल असतं, ते उन्हानं वाळलं की चिकटणार काय आणि करंट नेणार काय. पॅडची मुदत तशीही दोनेक वर्षांचीच, हे वर्गणी गोळा करताना कुणी सांगत नाही. पुढच्या पॅडचे पैसे आत्ताच बाजूला ठेवा म्हटलं, तर ग्रुपवर शुकशुकाट.

एसटी स्टँड मला सगळ्यात पटला होता. रात्रंदिवस वर्दळ, म्हातारी माणसं, पंढरपूर-तुळजापूर-अक्कलकोटची ये-जा. परवानगीसाठी अर्ज घेऊन एका कार्यालयात तीनदा गेलो. तिसऱ्यांदा विचारलं गेलं, "उद्घाटनाला कोण येणार?" चौथ्यांदा गेलो नाही.

शेवटी स्टँडपासून जवळच एक औषधाचं दुकान सापडलं. रात्रभर उघडं, सावलीत, पंख्याखाली, काउंटरवर कायम कुणीतरी. मालकाची एकच अट, कुलूप लावायचं नाही. मी त्यांचे पायच धरणार होतो. कोनशिलावाला रुसला, ग्रुप सोडून गेला, चार दिवसांनी परत आला.

मशीन बोलतं इंग्रजीत. म्हणून मराठी, तेलुगू आणि कन्नड अशा तीन भाषांत स्टिकर केलं. एक पॅड उजव्या बाजूला गळ्याच्या हाडाखाली, दुसरा डाव्या काखेखाली बरगडीवर, चित्रासकट. तेलुगू मजकूर माझ्या शेजारच्या टॉवेलच्या कारखानदाराच्या आईनं तपासून दिला. "शॉक" की "धक्का" यावर दोन दिवस वाद झाला. शॉक जिंकला.

खरी युक्ती मालकांच्या मुलाला सुचली. पळत कशाला जायचं, समोर रिक्षा स्टॉप आहे की. रविवारी सगळ्या रिक्षावाल्यांना बोलावलं. एकानं १०८ ला फोन लावायचा, एकानं छातीवर मिनिटाला शंभर ते एकशेवीस दाब देत राहायचं, एकानं मशीन आणायचं. छाती दाबायला बाहुली नव्हती, गादीची जुनी लोड वापरली. लोडीतून कापूस बाहेर यायला लागला तेव्हा एकानं विचारलं, "बरगडी मोडली तर?" मोडू दे म्हटलं, बरगडी जुळते.

स्टँडच्या लांबच्या टोकापासून रिक्षानं जाऊन-येऊन दोन मिनिटं दहा सेकंद लागले. दुसऱ्या फेरीत एक पन्नास. तिसऱ्या फेरीला आडवी म्हैस आली, ती वेळ मी वहीत धरली नाही. नंतर सगळ्यात वयस्कर रिक्षावाले मामा जवळ येऊन हळूच म्हणाले, "धरा की. म्हैस रोज असते तिथं."

मी वहीत लिहिलं, तीन मिनिटं पाच सेकंद.