टाकीमागचा बदाम

शाळेच्या स्मरणिकेसाठी लिहा असं पत्र आलं आणि पहिल्या आठवल्या त्या इतिहासाच्या बाई. शाळेवर लिहिणारे पुष्कळ निघतील. मी बाईंवरच लिहितो.

1970 सालचा जुलै, सातवीचा वर्ग. बाई रोज फळ्यावर दोन सन लिहायच्या, इंग्रजी आणि आपला ज्यूंचा. आपला तेव्हा 5730 चालू होता. जग सहा हजार वर्षं चालणार आणि सातवं हजार म्हणजे जगाचा शब्बाथ, विसाव्याचा दिवस, हे तालमूद या आपल्या धर्मग्रंथातलं मत त्यांनीच सांगितलेलं. मधल्या सुट्टीत मी वजाबाकी केली नि फळ्यावर लिहिलं, 'उरली 270 वर्षं. गृहपाठ कशाला?'

बाई रागावल्या नाहीत. खडू घेऊन त्याखाली फक्त 1666 लिहिलं. मग इझमीरच्या शब्बताई झ्वीची गोष्ट. हाच मसिहा, आपण वाट पाहतो तो मुक्तिदाता, म्हणून युरोपभर आपल्या लोकांनी घरंदारं विकली, गाठोडी बांधली. आणि सुलतानापुढे उभं केल्यावर त्यानं मुसलमान होऊन जीव वाचवला. "गाठोडी बांधून बसलेल्यांचं दुसऱ्या दिवशी काय झालं असेल, ते लिहून आण. हा तुझा गृहपाठ." शेवटाचा हिशेब मांडणाऱ्यांना तालमूदातच शाप आहे, हेही ऐकवलं.

शाळा सुटल्यावर माझ्या हातात बदामाचं रोप ठेवलं. आपले प्राचीन धर्मगुरू योहानान बेन झक्काई म्हणून गेलेत, हातात रोप असताना मसिहा आल्याची वर्दी आली तर आधी रोप लाव, मग त्याच्या भेटीला जा. पाण्याच्या टाकीमागे भर पावसात खड्डा खणला. पाणी घालायची पाळी दहावीपर्यंत माझीच, मे महिन्याच्या सुट्टीतसुद्धा!

पुढे इस्रायलमध्ये अश्दोदला आलो, बंदरावर तीस वर्षं क्रेनची देखभाल केली. निवृत्तीनंतर रामबाम, आपला मध्ययुगातला मोठा धर्मपंडित, मूळ हिब्रूतून वाचायला घेतला. मसिहाच्या काळातही जग आपल्या रीतीनंच चालेल, असं तो लिहितो. बाईंना दाखवायला हवं होतं. पेसाखच्या सणाला, मसिहाची वर्दी घेऊन येणाऱ्या एलियाहू हन्नाबी या प्रेषितासाठी नातू दार उघडतो, तेव्हा मी अजून मराठीतच "या" म्हणतो. घरातले हसतात.

गेल्या वर्षी मुंबईत आलो तेव्हा टाकीमागे गेलो. तिथे आता फरशी आहे, स्कूटरी लावतात. शिपायाला बदाम आठवेना. देणगी पाठवली आहे. तिच्यातून कोपऱ्यातल्या दोन फरशा उखडता आल्या तर बघा.