विचारायला घाबरू नये

आत्महत्येचा विषय काढला तर तो मुलांच्या डोक्यात बसेल, ही भीती शिक्षकांच्या बैठकांत वर्षानुवर्षे ऐकू येते. ती काळजीपोटीच असते, पण ती खरी नाही. "तुला जगणं नकोसं वाटतं का? जीव द्यावा असं मनात येतं का?" असे शांतपणे विचारल्याने तो विचार मुलाच्या मनात पेरला जात नाही. उलट, जे कुणाशीच बोलता येत नव्हते ते बोलायला वाट मिळाल्याने अनेकांना हायसे वाटते.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार 2022 मध्ये देशात 13,044 विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. त्यांपैकी 1,764 महाराष्ट्रातील होते, आणि हा आकडा सर्व राज्यांत सर्वाधिक होता. कारण कधीच एक नसते. निकाल शेवटचा धक्का ठरला, तरी त्याआधी घरातील मारहाण, छळ, जातीवरून होणारा अपमान किंवा उपचार न झालेले नैराश्य असू शकते. म्हणूनच 'नापास झाला म्हणून' ही तीन शब्दांची बातमी मला फार खटकते.

शाळेला करता येण्याजोगे पुष्कळ आहे, याचा पुरावाही आहे. युरोपातील 10 देशांतील 168 शाळांमध्ये 11,000 हून अधिक विद्यार्थ्यांवर झालेला अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या शाळांत मुलांना भूमिकानाट्ये आणि चर्चा यांतून ताण, नैराश्य आणि मदत मागणे यांविषयी बोलते केले, तिथे वर्षभरानंतर आत्महत्येच्या प्रयत्नांचे प्रमाण इतर शाळांच्या तुलनेत जवळपास निम्मे होते. आपल्याकडे निकालानंतर लगेच पुरवणी परीक्षा घेतली जाते, तीही माझ्या मते जीव वाचवणारी सोय आहे, कारण वर्ष वाया जाण्याची धास्ती तिच्यामुळे कमी होते. निकालाच्या दिवशीच वर्गशिक्षकांनी प्रत्येक अनुत्तीर्ण मुलाच्या घरी फोन करून ती समजावून सांगावी.

सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये दिलेल्या निर्देशांनुसार 100 किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक पात्र समुपदेशक हवा आणि कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण मिळायला हवे. पालकसभेत याची चौकशी जरूर करावी. पण समुपदेशक येईपर्यंत मूल थांबत नाही. नेहमी बोलणारी मुलगी गप्प झाली, आवडीच्या वस्तू वाटू लागली, "मी नसले तर बरं" असे म्हणाली, तर ते नाटक समजू नये. तिला चारचौघांत न विचारता बाजूला घ्यावे, मध्येच उपदेश न करता ऐकावे आणि "कुणाला सांगणार नाही" असे वचन देऊ नये. धोका जाणवला तर तिला क्षणभरही एकटे न सोडता घरच्यांना बोलवावे. मात्र घरातच त्रास होत असेल, तर आधी तिचा विश्वास असलेल्या दुसऱ्या मोठ्या माणसाला गाठावे आणि चाइल्डलाइनला 1098 वर कळवावे. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या 14416 या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य आणि मराठीतही बोलता येते. हा क्रमांक मुलांच्या रोजच्या वापरातल्या दैनंदिनीत छापलेला असावा.

प्रयत्नातून वाचून परतलेल्या मुलाविषयी तर आपण जवळजवळ बोलतच नाही. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने अशी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असेच मानले आहे. शाळेने त्याचा बुडालेला अभ्यास कमी करून द्यावा, रोज भेटेल असा एक शिक्षक नेमावा, आणि वर्गात काय सांगायचे हे आधी त्यालाच विचारून ठरवावे.