तुम्ही विचारलंत म्हणून: पोर्तुगीजमधला कोंझुन्तीवु कसा जमवायचा

लिस्बनला राहते म्हटलं की गोव्याहून नाहीतर पुण्याहून कोणीतरी विचारतंच, की बाकी पोर्तुगीज ठीक चाललंय पण तो प्रेझेंट सबजंक्टिव्ह (तिथला कोंझुन्तीवु, म्हणजे इच्छा, शंका, विनंती अशा वेळी लागणारं क्रियापदाचं वेगळं रूप) काही झेपत नाही, तुम्ही कसा शिकलात आणि तो शिकायलाच हवा का. सिप्ले म्हणजे पोर्तुगीजच्या ए-टू या सुरुवातीच्या लेव्हलच्या परीक्षेपुरतं विचारत असाल तर फार जीव काढू नका, तिथे त्याच्यावर भर नसतो, त्याच्या पुढच्या बी-वनला मात्र सुटका नाही.

पण इथे आलात की तो पहिल्याच दुकानाच्या दारावर भेटतो. दारावर लिहिलेलं असतं 'पुश', आपण बिनधास्त ढकलतो आणि दार हलत नाही कारण त्याचा अर्थ आहे ओढा. हा जोक सगळ्यांना माहीत असतो, पण ते रूप कुठलं हे कोणी सांगत नाही. पुशार म्हणजे ओढणे, त्याचा कोंझुन्तीवु पुश, आणि अनोळखी माणसाला आदराने काही सांगायचं तर पोर्तुगीज हेच रूप वापरतात. काउंटरवरचा माणूस 'दीगा!' म्हणतो, म्हणजे बोला, तेही हेच. (नाव दोन आहेत, पोर्तुगालमध्ये कोंझुन्तीवु आणि ब्राझीलमध्ये सुबझुन्तीवु, भानगड एकच.)

रूपं बनवणं खरं तर सोपं आहे. 'मी'चं वर्तमानकाळाचं रूप घ्या, शेवटचा उ काढा आणि स्वर उलटा लावा, 'आर'ने संपणाऱ्या क्रियापदांना ए आणि 'एर', 'ईर'ने संपणाऱ्यांना आ. फासु म्हणजे मी करतो, त्याचं फासा. तेन्यु म्हणजे माझ्याकडे आहे, त्याचं तेन्या. दीगु म्हणजे मी सांगतो, त्याचं दीगा. सहा-सात हट्टी आहेत ती सरळ पाठ करायची: सेझा (असणे), श्तेझा (सध्या असणे), वा (जाणे), आझा (अस्तित्वात असणे), केय्रा (हवं असणे), आणि दोन आपल्या घरची वाटतील अशी, साबेर म्हणजे माहीत असणे, त्याचं सायबा, आणि दार म्हणजे देणे, त्याचं दे. 'दे'चा अर्थसुद्धा 'द्या'च आहे, त्यामुळे ते विसरायची सोयच नाही.

अडतं ते कधी वापरायचं इथे, आणि माझं स्पष्ट मत आहे की आपली माणसं इथे इंग्रजीमुळे अडकतात. सगळी पुस्तकं इंग्रजीतून, इंग्रजीत 'आय वॉन्ट यू टु गो' म्हणून काम भागतं, मग तेच डोक्यात धरून पोर्तुगीज जुळवायला गेलं की वाक्य लंगडं होतं. मराठीतून जा ना! 'मला जायचंय' आणि 'तू जावंस असं मला वाटतं', ही दोन वाक्यं आपण कधी एकसारखी करतो का? माणूस तोच असेल तर जायचंय, दुसऱ्याने करायचं असेल तर जावंस. पोर्तुगीजमध्येही तेच, 'केरु ईर' आणि 'केरु क तू वाश', मध्ये 'क' म्हणजे 'की' आला, माणूस बदलला, कोंझुन्तीवु आला. शाळेत विध्यर्थ म्हणून मार्कांपुरता पाठ केला होता तोच हा. आणि 'देव करो नि तो येवो' यातल्या येवोच्या जागीसुद्धा कोंझुन्तीवुच येतो, ते म्हणतात 'देउश केय्रा', किंवा 'ओशाला', जो अरबीतून आलाय, इन्शाल्लाच्या घरातला. कोकणी बोलणाऱ्यांना तर हे आणखी सोपं जावं, 'देव बरें करूं' दिवसातून कितीदा म्हणता तुम्ही.

मराठी कुठे साथ सोडते तेही सांगते, कारण खरा अभ्यास तिथेच आहे. कदाचित येईल असं आपण साधा भविष्यकाळ घालून म्हणतो, त्यांचं ताल्वेश (कदाचित) मात्र वेन्या, म्हणजे 'येणे'चा कोंझुन्तीवु, मागतं. 'आशु क वेंय' म्हणजे येतोय वाटतं, पण नकार घातला की 'नाँव आशु क वेन्या'. घर शोधताना तर हे रोज कानावर पडतं: गॅलरी असलेलं घर शोधतेय, ते अजून सापडलेलं नाही म्हणून 'क तेन्या वारान्दा', आणि सापडून राहायला गेलात की त्याच घराला 'क तेंय वारान्दा'. मराठीत दोन्हीकडे 'गॅलरी असलेलं'च.

इथपर्यंत 'शंका असली की कोंझुन्तीवु' हा क्लासमधला नियम चालतो, मग 'एम्बोरा' (असलं तरी) येतो आणि नियम कोसळतो. बाहेर धो धो पाऊस पडतोय, तुम्ही खिडकीतून बघताय, शंकेचा प्रश्नच नाही, तरी 'पाऊस पडत असला तरी' म्हणताना एम्बोराच्या मागे श्तेझाच लागतं. तुम्ही आजारी आहात याचं वाईट वाटतं, यातही श्तेझाश, समोर अंथरुणावर पडलेले दिसत असलात तरी. पण 'बरं झालं आलास' म्हणताना 'आइंदा बेंय क' असेल तर साधं रूप, कोंझुन्तीवु नाही! यावर लॉजिक शोधत बसू नका, मी तरी सोडून दिलंय. ताल्वेश, एम्बोरा, पारा क (व्हावं म्हणून), आंतश क (होण्याआधी), सेंय क (न होता), हे शब्द पुढच्या क्रियापदासकट अख्ख्या वाक्यात पाठ करा, सुटे टेबल करून नाही.

आणि 'जर' आणि 'जेव्हा'साठी हे रूप लावू नका, 'से' आणि पुढच्या काळातल्या 'क्वान्दु'ला वेगळा फुतुरु दु कोंझुन्तीवु, म्हणजे भविष्यकाळाचा कोंझुन्तीवु, असतो, जो स्पॅनिशमध्ये कायद्याच्या कागदांपुरता उरलाय पण इथे भाजीवालीसुद्धा रोज बोलते. त्याचं प्लीज पुढच्या वेळी विचारा.