आजीची पुतळी व्हेनिसची निघाली!

आज आईने देवघरातल्या डबीतून आजीची सोन्याची पुतळी (हारात ओवतात ते नाणं) काढून दिली आणि अख्खी दुपार मी भिंग घेऊन तिच्यापाशी बसले. आजीच्या पुतळीहाराची वाटणी झाली तेव्हा आईच्या वाट्याला आलेली ही एकच. एका बाजूला दोन माणसं, मधे काठी. आजी त्यांना राम-सीता म्हणायची.

खरं तर हे डुकाट, इटलीतल्या व्हेनिसचं जुनं सोन्याचं नाणं. उभा आहे तो संत मार्क, गुडघे टेकून त्याच्याकडून झेंडा घेतोय तो तिथला राज्यप्रमुख, डोजे. नाण्याच्या मागच्या बाजूला लंबगोलात येशू आणि भोवती चांदण्या. १२८४ पासून जवळजवळ हेच चित्र, वजन साडेतीन ग्रॅमच्या आसपास, सोनं जवळपास शुद्ध. म्हणून तर आपल्याकडच्या सराफांनी डोळे झाकून घेतलं.

अशा पुतळ्यांच्या नकला इथेही भरपूर पडल्या, त्यांवरची अक्षरं बहुतेकदा नुसत्या वेड्यावाकड्या रेघा असतात. आमच्या पुतळीवर मात्र कडेने ‘लुडोव मानिन’ स्वच्छ लागलं! लुडोविको मानिन, व्हेनिसचा शेवटचा डोजे, १७८९ ते १७९७. म्हणजे इकडे सवाई माधवराव पेशव्यांच्या किंवा त्यांच्या लगेच नंतरच्या काळातलं. अंगावर काटाच आला.

वर कडी डाखलेली आहे, त्यामुळे संग्राहक कमी किंमत देतील. देईनात, विकायचीय कुणाला?

आता दोन्ही मावश्यांच्या पुतळ्या बघायच्यात. रविवारी भिंग घेऊन येतेय, डब्या काढून ठेवा गं!