दोन रिंगा

काल दुपारी भाचीला फोन लावला आणि पहिली रिंग ऐकू येण्याआधी जी क्षणभर शांतता असते, ती नेमकी जाणवली. एरवी तिच्याकडे कोणी लक्ष देत नाही; पण तेवढ्या अवधीत किती शिष्टाचार उरकले जातात हे एकदा कळले, की ती रिकामी वाटेनाशी होते.

इंटरनेटवरच्या कॉलची जुळवाजुळव पुष्कळ ठिकाणी ‘सिप’ नावाच्या नियमावलीने होते. ती १९९९ मध्ये प्रसिद्ध झाली, २००२ मध्ये नव्याने लिहिली गेली, आणि आपल्या फोरजी फोनवरचा व्हीओएलटीई कॉलही तिच्याच आधारे लागतो. आपला फोन ‘इन्व्हाइट’ नावाचे आमंत्रण धाडतो; आवाज कोणकोणत्या पद्धतींनी पाठवता येईल आणि तो कोणत्या पत्त्यावर हवा, याचा तपशील त्यातच असतो. मधला सर्व्हर ‘१००’ म्हणून प्रयत्न चालू असल्याचे कळवतो, पलीकडचा फोन वाजू लागला की ‘१८०’ येतो, उचलला की ‘२००’, आणि त्या होकाराचीही ‘अ‍ॅक’ म्हणून पोच द्यावी लागते. आवाज मात्र या निरोपांबरोबर जात नाही. त्याचा प्रवाह वेगळा. स्थळ जुळवून देणाऱ्या मध्यस्थासारखे हे आहे: बोलणी होईपर्यंत धावपळ त्याची, संसार ज्याचा त्याने करावा.

यातली सर्वांत गमतीची गोष्ट म्हणजे कॉल करणाऱ्याला ऐकू येणारी रिंग. ‘१८०’ मिळाल्यावर ती बहुधा आपलाच फोन आपल्याला ऐकवत असतो. जुन्या एक्स्चेंजच्या काळातही कानातली रिंग आणि पलीकडची घंटा ताल धरून वाजत नसत, आणि आमच्या घरातले निम्मे वाद त्यातूनच उद्भवत. ‘पोचलो की दोन रिंगा देऊन ठेवतो’ असे सांगून माणूस एसटीत बसे. एसटीडी बूथच्या यंत्रावर लाल आकडे हलायच्या आत रिसीव्हर ठेवणाऱ्या गिऱ्हाइकाकडे बूथवाला कसा पाहत असे, हे निराळे सांगायला नको. इकडे आई म्हणे दोन वाजल्या, बाबा म्हणत एकच, म्हणजे राँग नंबर. आजी तर सगळ्या सूचना धाब्यावर बसवून पहिल्याच घंटेला फोन उचलत असे, आणि आता पैसे पडलेच आहेत तर जेवलास का, हेही विचारून घेत असे.

सिपमध्ये या मिस्ड कॉलची रीतसर सोय आहे. उचलण्याआधी ठेवला तर ‘कॅन्सल’ जातो, पलीकडून ‘४८७’ येतो, त्याचीही पोच दिली जाते. एक शब्द न बोलता व्यवहार पूर्ण. आजीने उचलल्यावर मात्र कॅन्सल चालत नाही, ‘बाय’ म्हणावेच लागते. नकाराचेही प्रकार आहेत: ‘४८६’ म्हणजे इथे व्यस्त, कदाचित दुसऱ्या फोनवर सापडेल, ‘६०३’ म्हणजे कुठेच बोलायचे नाही. हा ६०३ मला उगाचच उर्मट वाटतो.

आणि काहीच उत्तर आले नाही तर? यूडीपीवरून, म्हणजे निरोप पोचेलच याची हमी न देणाऱ्या इंटरनेटच्या साध्या टपालाने, धाडलेले आमंत्रण अर्ध्या सेकंदाने, मग एका, मग दोन, असे अंतर दुप्पट करत पुन्हा पुन्हा पाठवले जाते आणि ३२ सेकंदांनी नाद सोडला जातो. काका एकदा नागपूरला गेले, तेव्हा आमच्याकडे अशी मुदत ठरलेली नव्हती. आई मध्यरात्र उलटेपर्यंत फोनपाशी बसून होती. बूथवर रांग होती म्हणून राहून गेले, असे काकांनी परतल्यावर सांगितले.